जुनी डिस्क, नवं बिऱ्हाड

मायक्रोसॉफ्टच्या मदत-लेखांमध्ये ३१४०८२ क्रमांकाचा एक लेख होता. विषय अगदी नेमका: विंडोज एक्सपीची सिस्टिम डिस्क दुसऱ्या संगणकात हलवल्यावर येणारी 'स्टॉप ७बी' ही त्रुटी. एवढ्या एका प्रसंगासाठी कंपनीला स्वतंत्र लेख लिहावा लागला, यावरून तो प्रसंग किती जणांवर येत असेल ते समजावं. जुनं कॅबिनेट उघडायचं, हार्डडिस्क काढायची, नव्या मदरबोर्डाला जोडायची आणि बटण दाबायचं. विंडोजचं चिन्ह क्षणभर दिसे आणि मग सगळा पडदा निळा होई. डिस्क शाबूत, फाइली शाबूत, तरी मशीन उठत नसे.

कारण समजलं की हळहळ वाटते, इतकं ते साधं होतं. संगणक सुरू होताना पहिले काही क्षण डिस्क वाचण्याचं काम मदरबोर्डावरचा बायोस करतो. विंडोजचा गाभा जागा झाला की तो बायोसला बाजूला सारतो आणि डिस्कशी बोलायला स्वतःचा ड्रायव्हर वापरतो. कोणता ड्रायव्हर पहिल्यांदा उठवायचा, याची नोंद जुन्या मशीनच्या कंट्रोलरनुसार झालेली असे. नव्या बोर्डावरच्या वेगळ्या चिपसेटचा ड्रायव्हर डिस्कवर असला तरी उपयोग नव्हता, कारण तो वाचण्यासाठी आधी तोच ड्रायव्हर चालू असायला हवा. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप!

सिस्टिम डिस्क म्हणजे अख्खा संगणक असं आपल्याला वाटतं, कारण आपलं सगळं तिच्यावरच असतं. प्रत्यक्षात संगणकाचा काही भाग नेहमीच डिस्कबाहेर, मशीनमध्ये राहिलेला आहे. तो भाग कोणता, हे मात्र दर पिढीत बदलत गेलं.

सुरुवातीला डिस्क हलवणं हा विचारच शक्य नव्हता. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या रॅमॅकच्या डिस्क-एककात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यावर ५० लाख अक्षरं मावत. वजन एक टनाहून जास्त. हे धूड जिथे बसवलं तिथेच राहायचं. सहा वर्षांनी, १९६२ मध्ये, आयबीएमचंच १३११ हे यंत्र आलं आणि चित्र पालटलं. त्यात १४ इंची सहा तबकड्यांचा संच होता, साधारण साडेचार किलोचा, वर मूठ असलेला. कपडे धुण्याच्या यंत्रासारख्या दिसणाऱ्या त्या पेटीचं झाकण उघडून माणूस हा संच हाताने काढू शके. आयबीएम १६२० या संगणकाची मॉनिटर प्रणाली अशा संचावर राहत असे. म्हणजे प्रणाली हातात उचलून दुसऱ्या यंत्रात ठेवता येण्याची ही सुरुवात.

तरी त्यातही एक मेख होती. तबकड्या संचात असत, पण लिहिणारी-वाचणारी शीर्षं यंत्रात. एका यंत्राची शीर्षं केसभर इकडे आणि दुसऱ्याची केसभर तिकडे असली, की इथे लिहिलेलं तिथे वाचता येत नसे. म्हणून देखभालीच्या माणसाकडे शीर्षं जुळवण्यासाठी मोजून-मापून तयार केलेला खास संच असायचा. १९७३ मध्ये ३३४० या यंत्रासोबत आयबीएमने शीर्षंही तबकड्यांबरोबर एकाच बंद डब्यात घातली. 'विंचेस्टर' हे टोपणनाव त्याच यंत्राचं. आधी ठरलेल्या ३०-३० मेगाबाइटच्या जोडीवरून अभियंत्यांना विंचेस्टर ३०-३० बंदूक आठवली होती. लिहिणारा आणि लिहिलेलं एकत्र प्रवास करू लागले. आजची प्रत्येक फिरती हार्डडिस्क याच डब्याची वंशज आहे.

घरगुती संगणकाने मात्र हा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला. ८ मार्च १९८३ रोजी आयबीएमचा पीसी एक्सटी बाजारात आला तो १० मेगाबाइटची हार्डडिस्क घेऊन. त्या डिस्ककडे अक्कल फार कमी होती. तिच्यातून चुंबकीय संकेत जवळजवळ कच्चेच बाहेर पडत, आणि ३४ व २० पिनांच्या दोन केबलींतून ते कंट्रोलर कार्डापर्यंत जात. त्या संकेतांचे बाइट करणं कार्डाचं काम. त्यामुळे एका कार्डावर फॉरमॅट केलेली डिस्क दुसऱ्या बनावटीच्या कार्डाला वाचता येईल याची खात्री नव्हती. मग 'डीबग' उघडून 'जी=सी८००:५' अशी ओळ द्यायची आणि मुळापासून फॉरमॅट करायचं. डेटा गेलेलाच. जाणता माणूस डिस्क हलवताना तिचं कार्डही उपटून सोबत न्यायचा. ही सवय अगदी योग्य होती, कारण ते कार्डच त्या डिस्कचं अर्धं डोकं होतं.

त्याच वर्षी डॉस २.० बरोबर डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांचा नकाशा ठरला: ४४६ बाइटांचा छोटा प्रोग्राम, त्यानंतर चार विभागांची नोंद ठेवणारे ६४ बाइट आणि शेवटी दोन बाइटांची खूण. हा नकाशा पुढे तीस वर्षं टिकला. या पहिल्या सेक्टरमुळे डिस्क स्वतःच्या पायावर बूट होऊ शकली, आणि विषाणूंनाही तिथेच दार मिळालं. लाहोरमध्ये १९८६ साली तयार झालेला 'ब्रेन' फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा. पुढच्यांनी हार्डडिस्कचा पहिला सेक्टरही सोडला नाही. डिस्क नव्या घरी गेली की विषाणू तिच्या सामानातच असे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून धंदा सुरू केलेल्या काटकर बंधूंनी 'क्विक हील' उभं केलं, त्याची मुळंही दुरुस्तीला आलेल्या अशाच लागण झालेल्या मशीनांत आहेत.

डिस्कचं मोजमाप, म्हणजे किती सिलिंडर, किती हेड, किती सेक्टर, हे १९८४ च्या पीसी एटीपासून मदरबोर्डावरच्या छोट्या, बॅटरीवर तग धरणाऱ्या स्मृतीत राहू लागलं. बॅटरी संपली की मशीन स्वतःची डिस्क विसरून जायचं. डिस्कवरच्या लेबलावर ते आकडे छापलेले असत आणि दुरुस्तीवाले ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहूनही ठेवत. १९८६ मध्ये कॉम्पॅकच्या ३८६ संगणकातून आयडीई पद्धत पुढे आली. कंट्रोलर आता डिस्कच्याच पोटात गेला आणि बाहेर उरली फक्त ४० तारांची पट्टी. कार्ड सोबत नेण्याची गरज संपली. एका पट्टीवर दोन डिस्क लावताना कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह हे सांगायला मागे इवलासा जम्पर लावावा लागे. जुन्या मशीनमधली डिस्क नव्यात दुसरी म्हणून लावताना हा जम्पर बदलायला विसरलं तर दोन्ही डिस्क गायब. रात्ररात्र केबली बदलून पाहिल्यावर दोष तांदळाएवढ्या त्या प्लास्टिकच्या तुकड्यात निघायचा.

खरी दगाबाजी मात्र पत्त्यांच्या भाषांतराची होती. बायोस आणि आयडीई या दोघांच्या मर्यादा एकत्र केल्या की १,०२४ सिलिंडर, १६ हेड आणि ६३ सेक्टर एवढंच हाती उरायचं, म्हणजे ५२८ मेगाबाइट. त्यापलीकडची डिस्क वापरायला बायोस खोटे आकडे सांगू लागला: सिलिंडर कमी, हेड जास्त. पण कुठला बायोस कसं भाषांतर करील याचा एकच नियम नव्हता. एका मशीनमध्ये 'लार्ज' पद्धतीने भरलेली डिस्क दुसऱ्यात 'एलबीए' पद्धतीने उघडली तर विभागांचे पत्ते चुकत. वाचून पाहण्यापुरतं ठीक होतं. पण अशा वेळी एखादी फाइल लिहिली गेली तर ती भलत्याच जागी बसे आणि चांगल्या डेटाचा चुरा होई. बूट होत नाही म्हणणारी डिस्क निदान प्रामाणिक असते. चुकीच्या पत्त्यांनी बूट होणारी डिस्क फार वाईट.

हे सगळं महाराष्ट्रात पोहोचलं ते असेंबल्ड संगणकाच्या वाटेने. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे पाटीवरचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातली तपकीर गल्ली या ठिकाणी सुटे भाग विकत घेऊन मशीन जुळवायचा रिवाज पडला. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंविषयीच्या जागतिक करारात सामील झाला आणि पुढे २००५ पर्यंत त्यातल्या वस्तूंवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आलं. ब्रँडेड मशीन एकदम बदलतं. असेंबल्ड मशीन मात्र तुकड्यातुकड्याने बदलतं: या दिवाळीला रॅम, पुढच्या वर्षी बोर्ड आणि प्रोसेसर. अशा मशीनमध्ये डिस्क ही बहुधा सर्वांत जुनी रहिवासी असते. त्यातच २००० च्या आसपासची काही वर्षं जगभरच्या मदरबोर्डांवर सदोष कॅपॅसिटर बसले. त्यांची डोकी फुगायची, तपकिरी द्रव गळायचा आणि बोर्ड मरायचा. डिस्कला काहीच झालेलं नसे. दुकानात गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "डेटा जाणार नाही ना?" आणि उत्तरही ठरलेलं, "डेटा राहील, पण विंडोज नव्याने टाकावं लागेल."

मराठीत काम करणाऱ्यांसाठी यात आणखी एक गाठ होती. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 'जिस्ट' कार्ड आणलं. त्याचं मूळ संशोधन आयआयटी कानपूरचं. मदरबोर्डाच्या खाचेत हे कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही देवनागरी उमटू लागे. ही मोठी कामगिरी होती. पण त्याचा अर्थ असाही होता, की अशा संगणकाची मराठी डिस्कवर नव्हतीच, ती कार्डात होती. नुसती डिस्क नव्या मशीनला लावली तर फाइली सोबत येत आणि लिपी जुन्या कॅबिनेटमध्ये राहून जाई. कार्ड काढून आणावं, तर २००० नंतरच्या बोर्डांवरून त्याला लागणारी आयएसए खाचच हळूहळू नाहीशी झालेली. डीटीपीच्या धंद्यातल्यांना हाच अनुभव, प्रोग्राम चालावा म्हणून पॅरलल पोर्टला लावाव्या लागणाऱ्या लॉकबाबत आला. पोर्ट गेला, लॉक हातात राहिलं.

आता पुन्हा विंडोजकडे. ९५ आणि ९८ या आवृत्त्या स्थलांतराच्या बाबतीत बऱ्याच सोशिक होत्या. जाणकार लोक डिस्क काढण्याआधी रजिस्ट्रीतली 'एनम' नावाची शाखा उडवून टाकत. त्या शाखेत जुन्या मशीनच्या प्रत्येक भागाची नोंद असे. ती गेली की नव्या बोर्डावर विंडोज डोळे चोळत उठायची आणि 'नवं हार्डवेअर सापडलं' असं सांगत एकेक भाग ओळखून घ्यायची. चार-पाच वेळा रीस्टार्ट झालं की मशीन मार्गी लागे. एनटीच्या वंशातल्या २००० आणि एक्सपी मात्र ताठ होत्या. प्रोसेसर आणि बोर्डाशी बोलणारा त्यांचा सर्वांत खालचा थर, ज्याला 'हॅल' म्हणतात, विंडोज टाकतानाच कायमचा निवडला जाई. वेगळ्या जातीच्या बोर्डावर तो थर चालत नसे. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, हा थर दर वेळी सुरू होतानाच निवडला जाऊ लागला आणि एक मोठा अडसर दूर झाला.

एक्सपीच्या काळात लोकांनी वाटा शोधल्याच. जुनं मशीन चालू असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन डिस्क कंट्रोलरला 'स्टँडर्ड' हा सर्वांना चालणारा ड्रायव्हर द्यायचा, मशीन बंद करायचं आणि त्यानंतरच डिस्क काढायची. बोर्ड आधीच मेलेला असेल तर एक्सपीची सीडी घालून 'आर' दाबायचं आणि तासभर दुरुस्तीची स्थापना चालू द्यायची. साटा या नव्या जोडणीच्या डिस्क आल्यावर सीडीलाही कंट्रोलर ओळखता येईना. मग एफ६ दाबून ड्रायव्हर द्यायचा, आणि तोही फ्लॉपीवरून. २००५ मध्ये घेतलेल्या नव्या मशीनला केवळ यासाठी शेजाऱ्याकडून फ्लॉपी ड्राइव्ह मागून आणणारे लोक होते.

डिस्कऐवजी तिची प्रतिमाच हलवावी, हा विचार न्यूझीलंडमधून आला. ऑकलंडच्या बायनरी रिसर्च या कंपनीत मरे हॅझर्ड यांनी १९९५ च्या सुमारास 'घोस्ट' लिहिलं. आपल्याकडे ते सिमँटेकने १९९८ मध्ये कंपनी विकत घेतल्यानंतर 'नॉर्टन घोस्ट' म्हणून माहीत झालं आणि 'घोस्ट मारणं' हे क्रियापद दुकानांतून आणि सायबर कॅफेंतून रुळलं. एकसारख्या दहा मशीनांवर ते जादूसारखं चाले. वेगळ्या बोर्डावर मात्र प्रतिमेलाही तोच निळा पडदा दिसायचा, कारण तिच्यात तीच नोंद, तोच हॅल. मायक्रोसॉफ्टचं 'सिसप्रेप' यासाठीच आहे: प्रतिमा घेण्याआधी मशीनच्या खुणा पुसून टाकायच्या.

मॅकवाल्यांना यातलं फारसं काही सोसावं लागलं नाही. एकाच कंपनीचं यंत्र आणि तिचीच प्रणाली असल्याने त्या काळात डिस्क इकडून तिकडे सहज जाई. १९९१ च्या पॉवरबुक १०० पासून तर अख्खा मॅकच दुसऱ्या मॅकला डिस्क म्हणून जोडता येत असे.

लिनक्सने वेगळी वाट धरली. जवळपास सगळे ड्रायव्हर सोबत बाळगायचे आणि सुरू होताना जे सापडेल ते वापरायचं. त्यामुळे एका कंपनीच्या बोर्डावरची डिस्क दुसऱ्या कंपनीच्या बोर्डावर पहिल्याच फटक्यात उठण्याचा अनुभव लिनक्सवाल्यांना नेहमीचा. अडचणी तिथेही आल्या, पण छोट्या. डिस्कचं नाव 'एचडीए'चं 'एसडीए' झालं तर जुन्या नोंदी चुकत, म्हणून नावाऐवजी विभागाचा न बदलणारा ओळखक्रमांक, म्हणजे यूयूआयडी, लिहिण्याची पद्धत पडली. आणखी एक गंमत म्हणजे प्रणाली जुन्या नेटवर्क कार्डाची आठवण जपून ठेवायची. नव्या बोर्डावर मशीन व्यवस्थित सुरू होई, पण नेट चालत नसे, कारण 'ईटीएच०' हे नाव जुन्या कार्डासाठी राखून ठेवलेलं असे आणि नवीन कार्डाला 'ईटीएच१' म्हटलं जाई. एक फाइल पुसली की काम होई. ती फाइल ठाऊक नसलेल्यांचे मात्र दिवसच्या दिवस जात.

तांत्रिक कुंपणं अशी एकेक करून पडत असताना दुसऱ्या प्रकारची कुंपणं उभी राहिली. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेल्या एक्सपीबरोबर सर्वसामान्य ग्राहकाच्या वाट्याला ॲक्टिव्हेशन आलं. विंडोज मशीनमधल्या दहा गोष्टींची खूण घेऊन ठेवायची: डिस्प्ले कार्ड, प्रोसेसर, रॅमचं प्रमाण, नेटवर्क कार्डाचा पत्ता वगैरे. नेटवर्क कार्ड तेच असेल तर बाकीच्यांपैकी सहा आणि ते बदललं असेल तर चार गोष्टी बदलल्यावर पुन्हा परवानगी घ्यावी लागे. डिस्क नव्या मशीनमध्ये गेली की ही मर्यादा ओलांडली जाणारच. मग फोन लावायचा, ५० आकडे वाचून दाखवायचे आणि पलीकडून आलेले ४२ आकडे उतरवून घ्यायचे. मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना तर मदरबोर्डाशीच बांधलेला असे. प्रणाली सुरू होते की नाही, याला आता 'तुम्हाला ती इथे चालवायचा हक्क आहे का' हा प्रश्न चिकटला. स्वतःच्या पैशांनी घेतलेला बोर्ड जळाल्यावर माणसाला हा प्रश्न विचारला जावा, हे कायद्याने कितीही बरोबर असलं तरी न्याय्य वाटत नाही. ऑगस्ट २०१६ च्या विंडोज १० पासून परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडता येऊ लागला आणि 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं आहे' असं सांगायची सोय झाली.

बायोसची जागा यूईएफआयने घेतल्यावर सीमारेषा पुन्हा सरकली. बूट होण्यासाठी कोणती फाइल चालवायची ही नोंद आता मदरबोर्डाच्या स्मृतीत असते. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर नव्या बोर्डाला तिची माहितीच नसते. सुदैवाने मानकात एक ठरलेला पत्ता आहे. तिथे फाइल सापडली तर बोर्ड ती चालवून पाहतो. डॉसच्या काळातल्या त्या जुन्या नकाशाची डिस्क मात्र बायोसची जुनी पद्धत सोडून दिलेल्या बोर्डावर उठतच नाही.

आणि आता किल्लीच मशीनमध्ये आहे. व्हिस्टाबरोबर आलेलं बिटलॉकर डिस्कवरचं सगळं कूटबद्ध करतं आणि किल्ली मदरबोर्डावरच्या टीपीएम चिपच्या ताब्यात देतं. डिस्क चोरणाऱ्याला काही मिळू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो रास्तच आहे. पण डिस्क चोराने हलवली की मालकाने, हे चिपला कळत नाही. ऑक्टोबर २०२१ च्या विंडोज ११ ने टीपीएम २.० सक्तीचं केलं आणि २०२४ च्या आवृत्तीपासून नव्या स्थापनेत अनेक मशीनांवर हे कूटबद्धीकरण आपोआप सुरू होऊ लागलं. बोर्ड जळाल्यावर डिस्क नव्या मशीनला लावणाऱ्या माणसाला निळा पडदा दिसतो तो आज याचा, ४८ आकडी रिकव्हरी की मागणारा. ती जपून ठेवली नसेल तर कुठल्याही दुकानदाराला "डेटा राहील" असं म्हणता येत नाही. एक्सपीच्या निळ्या पडद्यामागे डेटा सुखरूप होता. या पडद्यामागे तो असूनही हाती लागत नाही, आणि हा फरक फार मोठा आहे.

बाकी हे काम आता सोपं झालं आहे. आधी बिटलॉकर थांबवायचं, परवाना खात्याला जोडलेला आहे ना ते पाहायचं, मशीन बंद करायचं. आजची डिस्क म्हणजे बोटाएवढी एनव्हीएमई पट्टी, एका स्क्रूवर बसलेली असते. ती सोडवून नव्या बोर्डावर कसायची. विंडोज उठताना डिव्हाइसेस तयार करत असल्याचा संदेश देते, टक्के वाढत जातात आणि एक-दोन रीस्टार्टनंतर तोच डेस्कटॉप, तेच फोल्डर, तीच अर्धवट राहिलेली फाइल समोर येते. डिव्हाइस मॅनेजर उघडून लपलेली उपकरणं दाखवायला सांगितलं, की यादीत काही फिकट चिन्हं दिसतात: जुनं ग्राफिक्स कार्ड, जुना नेटवर्क पोर्ट, जुन्या बोर्डावरची आवाजाची चिप. भंगारात गेलेलं मशीन तिथे नावानिशी शिल्लक असतं.